भाडं आत की बाहेर?

महिना शहाण्णव हजार! हा आकडा सकाळी आमच्या गडग्यावरून पलीकडे गेला तेव्हा तेवढाच होता. मारुती मंदिरच्या भाजीवालीपर्यंत पोचता पोचता त्याचा लाख झाला, आणि दिवेलागणीला साळवी स्टॉपवरून एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचा फोन, "बाई, भाचीला दुबईत दीड लाख मिळणार म्हणे! आणि आम्हांला पेढा नाही?" पाठोपाठ एक स्थळही आलं. मुलगा अबूधाबीला. मुलीचा पगार ऐकून पत्रिकेची अट त्या मंडळींनी आपणहून सोडली.

मूळ गोष्ट एवढीच की माझ्या चिपळूणच्या भाचीला शारजाच्या एका शाळेचं पत्र आलं आहे. भाची इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, वर बी.एड. शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, पगार ४,००० दिरहम, उन्हाळी सुट्टी संपली की ऑगस्टअखेर रुजू व्हायचं. दिरहम चोवीस रुपये धरला की शहाण्णव हजार होतात. सध्या ती एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत ११,००० रुपयांवर ढीगभर वह्या तपासते. तिच्या आईने मला फोन केला, मी गडग्याशी जाऊन भाभींना हाक मारली, आणि पुढचं वर्तमान रत्नागिरीने आपल्या पद्धतीने वाढवलं.

भाभींनाच हाक मारली, कारण या विषयातला अधिकार त्यांचा. यजमान अर्धं आयुष्य कुवेतला, आणि लेक शारजातच इंग्रजी शिकवते. आमच्या दोन आवारांमध्ये जांभ्याचा कमरेइतका गडगा आहे. मे महिन्यात त्यावर इकडून माझी सोलं आणि तिकडून भाभींच्या गोधड्या वाळतात. मध्ये हातभर जागा उरते, तिच्यात वाडीतले सगळे निकाल लागतात. तिसरे सभासद समोरचे नाना. बँकेतून निवृत्त झालेले. कुणी आकडा मोठ्याने बोललं की चपला पायांत सरकवून हजर.

शहाण्णव हजार ऐकून भाभींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी एकच विचारलं.

"चार हजारांत भाडं आत की बाहेर?"

"म्हणजे?"

"घरभाडं शाळा वेगळं देणार, की ह्या चारातच बसवायचं?"

पत्रात तसा काही उल्लेख नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग ऐका, बाई. माझ्या पोरीला ३,६०० आहेत. चारशे कमी. तरी महिन्याला तीन हजार बाजूला टाकते ती. तुमच्या भाचीच्या हातात सतराशे राहिले तरी खूप."

नाना फाटकातून आत आले होते. "हे गणित उलटं आहे, भाभी. पगार कमी तिची शिल्लक जास्त कशी?"

"कारण माझी पोरगी जावयाच्या व्हिसावर आहे, नाना. घरभाडं जावई भरतो, लाइटबिल जावई भरतो. शाळेत जायचं शाळेच्याच बसने. पोरांवर नजर ठेवायची, तिकीट नाही. तिचा खर्च म्हणजे थोडं वाणसामान नि कपडे. सहाशेत भागतं."

नानांनी खिशातून एका जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग काढला. पत्रिकांच्या पाठीवर हिशेब करायची त्यांची सवय जुनी आहे. "बाईंची भाची एकटी जाणार. सांगा एकेक."

भाभी सांगत गेल्या. एकटीने अख्खा फ्लॅट घेणं दूरच. तिकडे भाडं वर्षाच्या हिशेबात ठरतं आणि एक, दोन किंवा चार चेकांत आगाऊ द्यावं लागतं. नव्याने गेलेल्या मुलीकडे ती रक्कम कुठली? म्हणून तिने दुसऱ्या मुलीबरोबर खोली वाटून घ्यायची. त्याहून खालची पायरी बेडस्पेस. एकेका खोलीत तिघी-चौघी, प्रत्येकीच्या वाट्याला एक खाट, एक कपाट आणि फ्रीजमधला एक कप्पा. खोलीत दोघी धरल्या तर १,१००. खाणं ७००. बस आणि फोन ३५०. औषधपाणी, किरकोळ १५०.

"बाकी राहिले १,७००," नाना म्हणाले. "म्हणजे ४०,८०० रुपये. तुमच्या लेकीचे ३,०००, म्हणजे ७२,०००. आणि पगार चारशे दिरहम कमी." त्यांनी चष्मा काढून पुसला. बँकेत असते तर हे खातं त्यांनी पुन्हा तपासायला पाठवलं असतं.

"पण इतक्या पगारात त्या शाळांना बायका मिळतात कशा?" मी विचारलं.

"अहो, तिकडच्या भारतीय शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी जणी अशाच नवऱ्यामागून गेलेल्या. डिग्र्या आहेत, घरात बसून कंटाळतात, शाळा पायांशी आहे. त्यांच्यासाठी शाळेला घर द्यायला नको, तिकीट द्यायला नको, निवासाच्या व्हिसाची यातायात नको. पगाराचं माप त्यांच्या अंगावर घेतलेलं आहे. तेच माप तुमच्या भाचीला घातलं की आखूड होणार."

मग त्यांनी लेकीकडून ऐकलेली दुसरी गोष्ट सांगितली. त्याच गावात ब्रिटिश अभ्यासक्रमाची एक शाळा आहे. तिथली इंग्रजीची बाई बारा हजार दिरहम घेते. वर फ्लॅट शाळेचा, आणि वर्षातून एकदा मायदेशी जायचं तिकीट शाळेचं.

"तेच इंग्रजी?"

"तेच. फळाही तसाच."

नाना लगेच म्हणाले, गोऱ्या कातडीचा भाव, दुसरं काय. तो भाव आहेच. नोकरीच्या जाहिरातीत "मातृभाषा इंग्रजी" लिहिलं की पुढचं न लिहिता कळतं. पण त्याच्या खाली फीचा हिशेबही आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या साध्या शाळेची फी वर्षाला दहा-बारा हजार दिरहम, कारण तिथे मुलं घालणारे आईबापही आपल्यासारखेच पगारदार. ब्रिटिश शाळांत ती पन्नास हजारांवर जाते. शाळेच्या गल्ल्यात जेवढं येतं त्यातूनच बाईला मिळणार. आपल्या मुलांना परदेशात आपल्या अभ्यासक्रमाची शाळा स्वस्तात हवी असते, आणि तो स्वस्तपणा वर्गात उभ्या असलेल्या बाईच्या पगारातून निघतो.

"मग इथेच काय वाईट आहे?" नाना माझ्याकडे वळले. "तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंत रत्नागिरीत. पेन्शन खाताय."

मी त्यांना आजची नोकरी समजावून सांगितली. नानांना वाटतं, अजून शाळेत अर्ज द्यायचा आणि चालकांना भेटायचं. आता आधी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट. ही अभियोग्यता चाचणी २०१७ साली झाली, त्यानंतर एकदम २०२३ साली आणि मग २०२५ साली. मधल्या पाच-सहा वर्षांत किती पोरींची लग्नं झाली, किती जणी खासगी क्लासमध्ये रमल्या. चाचणीत मार्क पडले की पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि वाट बघायची. नंबर लागलाच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन वाढलं. प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. त्याआधी हेच आकडे सहा, आठ आणि नऊ हजार होते. मानधन म्हणतात त्याला, पगार म्हणत नाहीत. तीन वर्षं निभावली की मग माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६००, आणि महागाई भत्ता धरून साठ हजारांच्या घरात जातं. तेव्हा कुठे बरं चालतं. आणि पेन्शन म्हणाल तर १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखी पेन्शन नाही. अंशदानाची आहे.

"आणि त्या अठरा हजारांत," भाभींनी सोलं उलटी करता करता विचारलं, "भाडं आत की बाहेर?"

मी बोलता बोलता थांबले. भाचीला आपल्याच गावात शाळा मिळाली तर वडिलांचं घर आहे, आईच्या हातचं जेवण आहे. एसटीचे आणि वरखर्चाचे सोडून बारा-तेरा हजार हातात राहतील. पण मंडणगडच्या आतल्या बाजूला किंवा राजापुरात सड्यावरच्या शाळेत नेमणूक झाली, तर खोली तीन हजार, डबा साडेतीन हजार, शनिवार-रविवारची एसटी. हातात दहा. तिथेही पगाराचं माप घरी राहणाऱ्या मुलीच्याच अंगावर घेतलेलं. फरक एवढाच की शारजात छप्पर नवऱ्याचं धरतात आणि इथे बापाचं.

"हे काही आजचं नाही," नाना म्हणाले. त्यांना इतिहास चढला की आवाज वक्तृत्वस्पर्धेचा होतो. "गोपाळ कृष्ण गोखले कुठले? आपल्या कोतळूकचे, गुहागर तालुक्यातले. फर्ग्युसनमध्ये शिकवलं ना त्यांनी इंग्रजी? डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते. वीस वर्षांचं बांधून घेतलेलं आणि महिना ७५ रुपये. धोंडो केशव कर्वे, मुरुडचे, तेही तिथेच त्याच पगारावर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची बदली इथे रत्नागिरीच्याच सरकारी हायस्कुलात झाली होती. ती नोकरी सोडून त्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. त्याग होता तो!"

"त्याग त्यांनी स्वतः ठरवून केला, नाना," मी म्हटलं. "आमच्या भाचीला कुणी विचारलेलंच नाही."

"आणि गोखल्यांना शिकवलं कुणी?" भाभींनी मला विचारलं. "म्हणजे पैसे कुणाचे?"

ते मला ठाऊक होतं. वडील गेल्यावर थोरला भाऊ गोविंद पंधरा रुपयांच्या नोकरीला लागला आणि त्यातले आठ रुपये दरमहा शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत राहिला.

"म्हणजे तिथंही भाडं भावानेच भरलं," भाभी म्हणाल्या, आणि नानांचं भाषण तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी गडग्याशी सभा पुन्हा भरली तेव्हा भाचीचाच फोन आला. फोन स्पीकरवर टाकून मी गडग्यावर ठेवला. पोरीने शारजाखेरीज दुसरी दारंही ठोठावून पाहिली होती. कोरियाच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशी माणसं घेतात. राहायला घर शाळेकडून. ("भाडं बाहेर!" नाना खूश.) पण त्यांच्या यादीत देश सात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी २०१० पासून लागू असलेल्या करारात शिक्षणशास्त्राची पदवी असलेल्या भारतीयांना एक फट ठेवलेली आहे, पण ती इतकी अरुंद की तिच्यातून गेलेलं कुणी भाचीला भेटलं नाही.

दक्षिण आफ्रिकेचं नाव निघताच भाभी हसायला लागल्या. "अहो, आमच्या सासूबाईंच्या माहेरचं अर्धं गाव केपटाऊनला! शंभर वर्षांपूर्वी जहाजाने गेलेली कोकणी माणसं. त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे इंग्रजी शाळेत शिकली. म्हणजे त्यांच्यातली एखादी पोरगी कोरियात जाऊन इंग्रजी शिकवू शकते, आणि माझी एम.ए. पोरगी नाही. गाव एक, आडनाव एक, पासपोर्ट वेगळा."

यावर आम्ही तिघंही हसलो, भाची हसली नाही. तिने इंग्लंडचंही बघून ठेवलं होतं. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिकडचा शिक्षकाचा दर्जा मिळवायला अर्ज करता येतो. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा किमान पगार सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड. पौंड ११५ धरा, जवळजवळ ३८ लाख रुपये. नानांनी पत्रिकेवर आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"रेघा मारू नका, नाना," फोनमधून आवाज आला. "भारतीयांसाठी विषय ठरवलेत. गणित, विज्ञान आणि परकीय भाषा."

"मग इंग्रजी?"

"इंग्लंडात इंग्रजी परकीय भाषा नाही."

तिथला खर्चही तिने काढला होता. कर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनचा हप्ता वजा जाता महिन्याला दोन हजार पौंडांच्या आसपास हातात, आणि वाटून घेतलेल्या खोलीलाच सहाशे ते नऊशे. म्हणजे रसायनशास्त्राच्या बी.एड. मुलीने जावं. आपल्याकडे सायन्सला जाऊन मार्क कमी पडले की "मग आर्ट्सला इंग्रजी घे, कुठेही नोकरी मिळेल" असं सांगतात. असं सांगणाऱ्यांत मीही होते की काय, हे कुणी विचारायच्या आत मी विषय मालदीववर नेला.

आमच्या ओळखीचे एक मास्तर मालदीवला इंग्रजी शिकवून आले. शाळा इंग्रजी माध्यमाच्या, राहण्याची सोय, मुलं गुणी. पण पगार रुफियात. सरकारी दराने डॉलरला १५.४२ रुफिया, मात्र त्या दराने डॉलर हातात पडणं कठीण. कमाई बेटावर आणि घर कोकणात, आणि मध्ये डॉलरचा तुटवडा. पगाराचा आकडा कितीही असो, घरी पोचतो किती, ते बघायचं.

"घरी पोचण्याचं मला सांगा," भाभी म्हणाल्या. हातातलं काम त्यांनी थांबवलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा यजमान तिथेच होते. दिनार म्हणजे जगातलं सगळ्यांत महाग चलन, आणि ते बँकेत असून काढता येईना. बगदादवरून अम्मानपर्यंत रस्त्याने, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या काही आठवड्यांत सुमारे १,७०,००० भारतीय परत आणले गेले, त्यांतले एक यजमान. "रत्नागिरी स्टँडवर उतरले ते हातात एक पिशवी घेऊन. पुढच्या वर्षी परत गेले. का? तर इकडे दुसरं काही नव्हतं. आमच्या वेळी पुरुष जायचे, बायका मनीऑर्डर सही करून घ्यायच्या."

नानांना जनगणना आठवली. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. आपल्याकडे मुलींची संख्या चांगली म्हणून आपण फुशारकी मारतो, पण त्यातला मोठा भाग मुंबईला आणि आखाताला गेलेल्या पुरुषांच्या रिकाम्या जागांचा आहे.

"आता पोरी जायला लागल्या," भाभी म्हणाल्या. "पण पगार ठरवणाऱ्याच्या डोक्यात ती अजून मागे राहिलेली बायकोच आहे. कमावते ती वरखर्चाला."

मला आमच्या शाळेचा शिक्षककक्ष आठवला. वेतनश्रेणी पुरुषांना आणि बायकांना एकच होती, त्यात भेद नव्हता. पण विनाअनुदानित तुकडी निघाली की कमी पैशांत राबायला आधी बाईलाच विचारायचे. "तुमचं काय बाई, यजमान आहेत की." हेच वाक्य शारजाला वातानुकूलित ऑफिसात इंग्रजीत बोलतात.

"म्हणजे जाऊ नको म्हणता?" फोनमधून भाचीचा आवाज जरा चढला. "४०,८०० उरतात. इथे मला मिळतातच ११,०००."

त्यावर गडग्याच्या दोन्ही बाजूंना उत्तर नव्हतं. नानांनीही मान हलवली. आमचा सगळा शहाणपणा मान्य केला तरी तिची शिल्लक तिच्या आजच्या पगाराच्या जवळजवळ चौपट होते.

"जा गं," भाभी म्हणाल्या. "कोण नको म्हणतंय? पण विचारून जा. माझ्या पोरीने नाही विचारलं."

मग शिकवणी सुरू झाली. पहिला प्रश्न बेसिकचा. तिकडे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची, पण ती धरतात फक्त मूळ पगारावर. चार हजारांतलं बेसिक दोन हजार दाखवलं तर वर्षाचे १,४०० दिरहम. तेच बेसिक तीन हजार असेल तर २,१००. नानांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला. ७,००० आणि १०,५००. पगार तोच, कागदावरची फोड वेगळी, आणि फरक ३,५०० दिरहमांचा, म्हणजे ८४,००० रुपयांचा. "इथे आम्ही बेसिकवर संप केलेत," मी म्हटलं, "आणि ही पोर तो आकडा न बघता सही करणार होती."

दुसरा प्रश्न तिकिटाचा. दरवर्षी की दोन वर्षांनी? आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत सगळे एकदम निघतात तेव्हाच्या भावाने, की ठरावीक रक्कम? मुंबईला उतरल्यावर पुढे चिपळूणपर्यंत कोकण रेल्वे, तिचं आरक्षण गणपतीच्या तोंडावर कसं मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

तिसरं, एजंट. आपल्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाख मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावायचं. पदवीच्या कागदांवर मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. या चकरांचे पैसे आणि रजा आधीच बाजूला काढायच्या.

बँकेचा भाग नानांनी घेतला. ऑगस्टअखेर गेली तर या आर्थिक वर्षातले भारतातले १८२ दिवस भरत नाहीत, तिकडच्या पगारावर इथे प्राप्तिकर नाही, आणि तिथे तो मुळातच नाही. मात्र २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, तो रोजच्या खरेदीतून जातो. एनआरई खातं उघड, त्याचं व्याज करमुक्त. आणि पहिला पगार आला म्हणून आईच्या नावाने लगेच फ्लॅट बुक करू नको. "चाकरमान्याची ही जुनी खोड. स्वतः खाटेवर झोपतात आणि गावात माडी बांधतात."

"आमची माडी तशीच आहे," भाभी म्हणाल्या. आम्ही तिघांनी वर बघितलं. वरच्या मजल्याच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद आहेत.

"आणि ते अबूधाबीचं स्थळ?" मी भाचीला विचारलं. विचारायला नको होतं, पण गडग्यावर उभं राहून न विचारणं मला साधत नाही.

"मावशी, त्यांना माझा पगार आवडलाय. मला त्यांचं भाडं आवडायला हवं का?"

"हिशेबाने बघितलं, भाभींच्या लेकीइतकं उरलं, तर महिन्याला तेराशे दिरहमांचा फायदा," नाना म्हणाले, आणि भाभींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पत्रिका घडी घालून खिशात टाकली.

भाचीने त्याच रात्री शाळेला पत्र लिहिलं. इंग्रजीची बाई आहे, पत्र नेमकं लिहिलं. चार ओळी, तीन प्रश्न. मूळ वेतन किती? तिकीट कधी? घरभाडं पगाराबाहेर की पगारातच?

उत्तर लवकर आलं. भाचीने ते मला पाठवलं, मी चष्मा घेऊन गडग्याशी गेले आणि वाचून दाखवलं. बेसिक २,०००. तिकीट दोन वर्षांनी एकदा. आणि तिसऱ्या प्रश्नाला शाळेने एक सबंध परिच्छेद दिला होता. आमची शाळा केवळ कामाची जागा नाही, इथे सगळे शिक्षक एकमेकांना सांभाळून घेतात, नव्या माणसाला कधी एकटं वाटू देत नाहीत, आम्ही सारे एका कुटुंबासारखे राहतो.

नानांनी पुढे झुकून विचारलं, "मग भाड्याचं काय म्हणतात?"

"कुटुंब म्हणाले ना?" भाभींनी गोधडी झटकली. "मग आतच."